पलंगाखालचे डबे

तेलाचा थेंब केवढा असावा, हे घड्याळजींना कुणी शिकवायची गरज नव्हती. सुईच्या टोकावर मावेल एवढा. जास्त झाला की घड्याळ बसलंच. पण गावाकडच्या त्यांच्या आईचं माप वेगळं होतं. ती डब्याने मोजायची. घाण्यावर समोर बसून काढून घेतलेलं शेंगदाण्याचं तेल लेकाच्या घरी पोचलं की ती माउली सुखाने झोपायची.

आणि इकडे डॉक्टरांनी लेकाचं रक्त तपासून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. तळण बंद, फोडणीला जेमतेम चमचाभर. बायकोने ते वेदवाक्यासारखं पाळलं. डबे गेले पलंगाखाली. आईला सांगायची मात्र घड्याळजींची काही छाती होईना.

"तेल कसं आहे रे?" आई फोनवर विचारायची.

"अगं, घरभर वास सुटतो!" हे ठोकून द्यायचे.

एका दुपारी फोन आला. "अरे, गाडीत बसलेय. येतेच आता."

घड्याळजी धावत बायकोकडे गेले. बायको म्हणाली, "त्या आल्या आल्या झाडू हातात घेतात. पलंगाखाली वाकल्या की संपलं! इतके दिवस कुणाला देऊन का नाही टाकलंत?"

"आईचं तेल गं. द्यायचं कसं?"

"मग आता बसा कपाळ धरून!"

पण बसायला वेळ कुठे होता? एक डबा उचलून ते खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंकडे गेले. बाईंनी झाकण काढून भरभरून वास घेतला, डोळे मिटले आणि झाकण तसंच वरवर ठेवलं. "काय सुगंध आहे हो! पण माझंही तळण बंद केलंय मेल्यांनी." समोरचे वकील तर हात जोडून म्हणाले, "घरात आणलंत तर बायको मला बाहेर काढेल." अख्खी इमारत पथ्यावर! राहता राहिला सगळ्यात वरचा पहिलवान. त्याने वरूनच हाक दिली, "आणा काका, असेल तेवढं आणा!"

घड्याळजी हर्षभरित होऊन जिना चढू लागले आणि वळणावर डबा कलंडला. ते वरवरचं झाकण टणटणत खाली गेलं आणि मागोमाग तेल, एकेक पायरी उतरत, निवांत.

खालून आवाज आला, "अगंबाई! हा तर माझ्या तेलाचा वास!"

"आई, वर येऊ नकोस!" म्हणत घड्याळजी धावले. धावले कसले, बसल्या बसल्या घसरत थेट आईच्या पायांशी पोचले. त्यांना सावरायला गेली तशी तीही बदकन पायरीवर बसली.

"लागलं का गं?"

"मला काय धाड भरलीय! हे तेल जिन्यावर कसं?"

आता लपवण्यात काय अर्थ होता? घड्याळजींनी रडवेल्या तोंडाने सगळं सांगून टाकलं: रक्त, चरबी, पलंग, पहिलवान. आता ही रागावणार, उलट्या पावली जाणार, म्हणून ते मान खाली घालून बसले.

 आई पदराने त्यांचा हात पुसत म्हणाली, "माझंही तेल तोडलंय रे डॉक्टरांनी. गेल्या वर्षीच."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू म्हणाला असतास, आता काढू नकोस तेल. मग तुला द्यायला माझ्याकडे उरतं काय?"

घड्याळजी म्हणाले, "तू रिकाम्या हाताने ये ना गं. तू आलीस की झालं."

तेवढ्यात वरून बायको ओरडली, "हलू नका दोघंही! मी पीठ आणते टाकायला!" तोवर त्यांनी आईला उठवायला हात दिलाच होता. हात सटकला आणि दोघं आणखी दोन पायऱ्या खाली गेले.

आई पदर तोंडाला लावून खदखदा हसत सुटली. "मेल्या, तान्हा होतास तेव्हा तेल लावलं की असाच निसटायचास हातातून!"