एप्रन गॅलरीत, मी ओट्यापाशी

सारागोसा शहरात आठ मार्चचा महिला संप यशस्वी करावा तर तो मीच, हे आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! पत्रकं माझी, घोषणा माझ्या आणि यंदा दुपारी बारा वाजता चौकातलं पहिलं भाषणही माझं. 'जिचं काम कोणाला दिसत नाही, तिचा हा संप!' हे वाक्य मी महिनाभर घोटत होते. हक्काची श्रोती घरातच होती, नेल्विया. ही होंडुरासची, माझ्या शहाऐंशी वर्षांच्या आईला सांभाळते.

सात तारखेला संध्याकाळी मी तिला म्हटलं, "उद्या जरा लवकर ये हं. मला संपाला जायचंय."

"उद्या मी नाही येणार, ताई."

"का गं? बरं नाही का?"

"छान आहे की! मीपण संपावर आहे. तुमचं भाषण ऐकून ऐकून पटलं मला."

"अगं, पण मग आईकडे कोण बघणार?"

"तेच तर लोकांना कळायला हवं, ताई!" म्हणत ती गेलीसुद्धा. हेही माझंच वाक्य, पत्रकातलं!

घाबरले नाही. संपाच्या दिवशी पोरंबाळं-म्हातारे सांभाळायला आम्ही पुरुषांनी चालवायचं केंद्र काढलं होतं. त्याचा प्रमुख माझ्या मैत्रिणीचा, बेगोन्याचा नवरा फेर्मिन. सकाळी त्याला फोन केला.

"आणा की आजींना!" फेर्मिन उत्साहानं म्हणाला. "फक्त ते डायपर पुढून लावतात की मागून, तेवढं सांगा."

फोन स्पीकरवर होता, आईनं ते ऐकलं. "हा मला संडासला नेणार? त्यापेक्षा मी मरते!"

"मर, पण आधी गोळी घे!" मी ओरडले. म्हणजे मी राहिले घरीच.

संपाच्या रिवाजाप्रमाणे घरातले तिन्ही एप्रन मी पहाटेच गॅलरीत टांगले होते. या घरची बाई आज राबत नाही, असा त्याचा अर्थ. आत तीच बाई मसुराची आमटी ढवळत होती. अंगात भाषणासाठी घातलेला जांभळा ब्लाउज, त्यावर आमटीचे शिंतोडे, आणि गॅलरीतला एप्रन काढून घालावा तर अख्खी गल्ली बघणार!

"नेल्विया लसूण ठेचून घालते," आई म्हणाली. "नेल्विया पायही चोळते."

पावणेबाराला खालून मोर्चा आला. मी पळीसकट गॅलरीत धावले.

"संपकरी बहिणीला सलाम!" एप्रन बघून बाया ओरडल्या. मी पळी पाठीमागे लपवली.

सव्वाबाराला बेगोन्याचा फोन. "विसी, कुठे मेलीस? तुझी वेळ नेल्वियाला दिली आम्ही! अगं, काय बोलतेय! म्हणते, 'इथं आलेल्या प्रत्येकीनं आठवा, आत्ता तुमच्या घरी कोण राबतंय?'"

फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. थांबेचनात! माझा नुसता जळफळाट झाला. आणि खरं सांगते, हे वाक्य माझ्या भाषणात नव्हतं. असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नेल्विया आली. ओट्यावरची भांडी बघून म्हणाली, "काल इथलं सगळं कोणी केलं?"

"मी!" आता कौतुक होणार म्हणून मी ताठ उभी राहिले. "स्वयंपाक, गोळ्या, आईची अंघोळ, सगळं!"

"म्हणजे माझ्या संपाच्या दिवशी माझं काम तुम्ही केलंत? ताई, तुम्ही माझा संप फोडलात!"

तेवढ्यात अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच आई माझ्या बाजूनं उभी राहिली.

"नाही गं पोरी," ती पलंगावरून म्हणाली, "तुझा संप अगदी कडकडीत झाला. हिनं काल जे केलं ना, त्याला काम म्हणत नाहीत!"