भिकनरावांच्या चार फेऱ्या

डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी भिकनरावांना बजावलं, दिवसाला एक लिटरच पाणी आणि रोज अर्धा तास चालणं. घरी येताच साधनाताईंनी चहाचा डबा शेजारी देऊन टाकला. "तुम्हाला नाही, तर मलाही नाही!" चाळीस वर्षं दोघांनी सकाळचा चहा समोरासमोर बसून घेतला होता. आता भिकनराव साडेपाचला फिरायला जात आणि ते परतले की साधनाताई देवळात.

चालण्याचा भिकनरावांना मनस्वी कंटाळा. पण इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या कोपऱ्यावर सोमाची टपरी होती आणि तिथे ठेचलेल्या आल्याचा वास यायचा. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून ते तिथे हात फिरवण्याचा व्यायाम करत. एकदा वास घेऊन भागेना, म्हणून दुसरी फेरी, मग तिसरी. दिवाळीपर्यंत चार झाल्या. चहा मात्र त्यांनी कधी घेतला नाही. बायकोने आपल्यासाठी सोडलेला, तो तिच्यामागे कसा प्यायचा? खरं तर चहापेक्षा तिचं ते समोर बसणंच जास्त आठवायचं.

इकडे झोप सुधारली, पायांत ताकद आली. डायलिसिसचा टेक्निशियन जीवन सगळ्या पेशंटना सांगू लागला, "काकांकडून शिका, चालायची कसली गोडी आहे!" एका रविवारी त्याने पाच पेशंट गोळा केले. दवाखान्याच्या आवारात चालायचं ठरलं होतं, पण मंडळींनी हट्ट धरला, "काका, तुम्ही चालता तिथेच न्या." ट्रॅकवर पोचेपर्यंत सात वाजले.

कोपऱ्यावर भिकनराव सवयीने हात फिरवू लागले. मागे सहाही जण सुरू झाले.

"काका, इथंच का?" जीवनने विचारलं.

"इथली हवा चांगली आहे."

त्याच हवेत, टपरीच्या बाकड्यावर, साधनाताई बशीत चहा ओतत होत्या.

"अगं, देऊळ?"

"बंद होतं."

"मावशी तर रोज येतात," सोमा भाबडेपणाने म्हणाला.

साधनाताईंचे डोळे भरले. "अहो, तुमच्यासमोर पिववेना आणि सोडवेना."

जीवन गोंधळला. "पण काकांचा चहा बंद कुणी केला? त्या एक लिटरात मोजून अर्धा कप चालतो की!"

"तू डॉक्टरांना विचारलं नाहीस?" भिकनराव साधनाताईंकडे वळून म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही विचारलंत."

साधनाताईंनी अर्धा कप मोजून मागवला. भिकनराव त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले.

"काका, पुढची फेरी?" मंडळींनी विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," भिकनराव म्हणाले. "मला इथंच यायचं होतं."