डोलीची फीत आणि हरिणीच्या कळा

तर बाळांनो, एका जंगलात बायका बाळंत व्हायच्या. हसू नका. सगळ्याच जंगलांत होतात. पण या जंगलातला दवाखाना घाटाच्या वर होता. तिथे हत्तीणबाई बाळंतपणं करायची. तिचा हात फार हलका. पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं? वाट नुसती चढाची. मागच्या वर्षी एक भेकरीण त्या चढावरच गेली. पिल्लूही गेलं.

तेव्हा सगळं जंगल हळहळलं. सभा भरली आणि ठरलं, की यापुढे एकही पोटुशी पायी जायची नाही. डोलीतून जायची.

आणि खरं सांगते, सगळे झटून कामाला लागले. सुगरणींनी गवताची डोली विणली. अशी घट्ट, की पाणी ओतलं तरी गळू नये. खारींनी सावरीचा कापूस आणून आत मऊ गादी केली. दोन गवे म्हणाले, "खांदा आम्ही देऊ." त्यावर म्हातारी घोरपड म्हणाली, "मेल्यांनो, शुभ बोला!"

डोली तयार झाली. आता ती वापरायला घेतली असेल, असं तुम्हाला वाटलं ना? तुम्ही अजून लहान आहात.

सभेनं डोलीसाठी एक समिती नेमली होती. तिचा अध्यक्ष होता हुप्पेराव माकड. तो म्हणाला, "उद्घाटन झाल्याशिवाय डोलीला कुणी हात लावायचा नाही."

"उद्घाटन कोण करणार?"

"दुसरं कोण? वाघोबा."

मग त्यानं सोनकी हरिणीला बोलावलं. सोनकी पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. हुप्पेराव म्हणाला, "तू आमची पहिली लाभार्थी. वाघोबांच्या हस्ते तुझी ओटी भरायची. मग फीत कापायची. मग तू डोलीत बसायचं."

सोनकी दोन पावलं मागे सरली. "अहो भाऊजी, ते वाघ आहेत."

"त्या दिवशी ते पाहुणे आहेत."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"ते आपल्या कार्यक्रमात येत नाही."

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मंडप उभा राहिला. डोलीला पळसाच्या फुलांची लालभडक फीत बांधली. इकडे सोनकीच्या शेजारी राहायची साळुंकी. सगळं जंगल तिला चोंबडी म्हणायचं. कुणाच्या घरी काय शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही, हे बघितल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. ती सवयीनं सोनकीकडे डोकावली.

"काय गं, चारा तसाच पडलाय? आणि कान का पाडलेस?"

"कंबर धरलीय, मावशी."

"कधीपासून?"

"उजाडल्यापासून. धरते, सोडते. परत धरते."

"अगं माझे बाई, ही कंबर नाही. कळा आहेत!"

साळुंकी तडक मंडपात. "हुप्पेराव, डोली काढा. सोनकीला कळा लागल्यात."

"आत्ता? पाहुणे निघालेत तिकडून."

"पिल्लूही निघालंय तिकडून."

"पहिलटकरणीला वेळ लागतो. तिला म्हणावं, कळा जरा आवरून धर."

"तुम्ही कधी शेपूट तरी आवरून धरलंत का? अहो, एक गाठ सोडायची आहे. मी चोचीनं सोडते, तिला पोचवून आले की परत बांधते. कुणाला कळणारही नाही."

"आणि डोलीत काही सांडलं म्हणजे? कोरी डोली आहे."

साळुंकीनं गव्यांकडे पाहिलं. गव्यांनी माना खाली घातल्या. "आमचं काय, वहिनी. सांगतील तेव्हा उचलू."

सोनकीला आणून पुढच्या रांगेत बसवलं. तिथे ती दात आवळून बसली.

वाघोबा उशिरा आले. वाटेत कुठेतरी जेवून आले होते. कुणाकडे, ते कुणी विचारलं नाही. त्यांनी आईच्या मायेवर भाषण केलं. "माझी आईसुद्धा एक आईच होती," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मंडपानंही पुसले. सोनकीच्या डोळ्यांतलं पाणी मात्र वेगळं होतं. तिची ओटी भरली, तेव्हा ती उभी राहू शकेना. सगळे म्हणाले, किती लाजते!

एकदाची फीत कापली. टाळ्या पडल्या.

"चला, उचला आता हिला!" साळुंकी ओरडली.

पण वाघोबा म्हणाले, "डोली भक्कम आहे ना? बघू." आणि स्वतःच आत बसले. गादी मऊ, पोट भरलेलं. वाघोबा घोरायला लागले.

"अहो, उठवा की त्यांना," साळुंकी म्हणाली.

"तू उठव," हुप्पेराव कुजबुजला. "असं करू. पाहुण्यांना घरी पोचवतो, की डोली लगेच परत."

आणि गव्यांनी वाघाला उचललं. घाट एकीकडे, वाघाची गुहा दुसरीकडे.

सोनकी उठली. चालायला लागली. मंडपातली एक अस्वलीण उठली आणि तिच्या अंगाला अंग लावून चालली, म्हणजे टेकायला होईल. साळुंकी हत्तीणबाईला बोलवायला पुढे उडाली. चढाच्या मध्यावर करवंदीच्या जाळीपाशी सोनकी खाली बसली, ती उठलीच नाही. पिल्लू तिथेच झालं.

झालं, पण गार. आवाज नाही.

अस्वलिणीनं त्याला आपल्या छातीच्या केसांत घेतलं आणि चोळायला लागली. "रड रे मेल्या. रड ना."

"अस्वलताई, आवाज का येत नाही त्याचा?"

"येईल. तू पडून राहा."

"येत नाहीये, ताई."

"येईल म्हणते ना!"

मग पिल्लू शिंकलं. अगदी एवढंसं. आणि मग असं ओरडलं, की अस्वलीणच रडायला लागली. तेवढ्यात हत्तीणबाई धापा टाकत उतरली. तिनं सोनकीचं वाहणारं रक्त थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. हुप्पेराव म्हणाला, "डोलीचा उपक्रम यशस्वी झाला आहे. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत." टाळ्या. "शिवाय असं दिसून आलं, की पोटुशी चालली तर लवकर मोकळी होते. म्हणून यापुढे सगळ्यांनी चालतच जावं. डोली पाहुण्यांसाठी राखून ठेवू." आणखी टाळ्या.

मागे एक ससीण बसली होती. तिचं पोट चांगलंच पुढे आलं होतं. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती साळुंकीच्या कानाशी लागली. "मावशी, उद्या सकाळी माझ्याकडे डोकावून जाल?"

"उद्या कशाला? आत्ताच येते. काय खातेस, काय नाही, बघते तरी."

तात्पर्य : अडल्यानडल्याला उपयोगी पडेल अशी वस्तू सर्वांनी मिळून जरूर करावी. मात्र कुणा अडलेल्यानं ती वापरून खराब करू नये, याची काळजीही सर्वांनी मिळूनच घ्यावी.