फिनलंडच्या बाई

तो माणूस आजही आला होता.

ब्लाझेनाबाईंनी दह्याचा चमचा तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. झाल्त्सबुर्गच्या त्या हॉस्टेलात न्याहारीच्या खोलीला मोठी काच होती, आणि काचेत मागचं टेबल स्वच्छ दिसत होतं. तेच गुळगुळीत डोकं, भुवईवर तीच टाक्यांची खूण, मानेवर गोंदलेला तोच निळा पक्षी. खांदे असे रुंद की पाठीवरची सॅक बालवाडीच्या दप्तरासारखी वाटावी. परवा तो व्हिएन्नाला होता. काल गाडीत होता, दोन रांगा मागे. बाई संडासाकडे गेल्या तेव्हा तोही उठला होता आणि बाई बाहेर आल्या तेव्हा दाराशी उभा होता.

बाईंनी दही न संपवता वाटी खाली ठेवली. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या बाईच्या हातून हे घडावं, यावरून भीती किती होती ते कळावं.

चेक देशातल्या ब्रनोहून, म्हणजे घरून निघाल्या तेव्हा असं काही नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी रेल्वेचा सुट्टीचा पास काढला, मुलाची जुनी सॅक धुऊन घेतली आणि जाहीर केलं, "यंदाचा उन्हाळा माझा. मी एकटी युरोप बघणार." त्याआधीचे सगळे उन्हाळे मुलाच्या शेतघरावर जुळ्या नातवंडांच्या मागे धावण्यात आणि काकड्या बरण्यांत भरण्यात गेले होते. मुलगा लुबोश हसला होता. "जा की. पण आई, एकदा जरी घाबरून फोन केलास ना, तर मी गाडी काढून येईन आणि तिथून उचलून थेट काकड्यांत आणून सोडीन. पुढच्या वर्षी मग विषयच नको."

त्यामुळे फोन करणं शक्य नव्हतं. डोळ्यांसमोर एका बाजूला तो माणूस आणि दुसऱ्या बाजूला काकड्या होत्या.

शेजारच्या पाव्हलानं निघताना कानात सांगितलं होतं, "परदेशात परका लुटत नाही गं. लुटतो तो आपल्याकडचाच. गोड बोलतो, पेपरमिंट देतो. आमच्या ओळखीतली एक बाई शुद्धीवर आली तेव्हा अंगावर फक्त चष्मा होता."

आणि हा माणूस आपल्याकडचाच होता. व्हिएन्नाला पहिल्याच सकाळी बाईंनी घरून आणलेला रीझेक, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा तुकडा, चांदीच्या कागदातून सोडवला. तो वास आला आणि मागून आवाज आला, अगदी आपल्या भाषेत, "काकू, तुम्ही आपल्याकडच्याच का हो?"

आता, परदेशात आपली भाषा कानावर पडली की चेक माणूस काय करतो? गप्प होतो. नकाशात तोंड घालतो. वेळ पडली तर नवरा-बायको एकमेकांनाही ओळखत नाहीत. इतका लांब खर्च करून आलो ते आपल्याच लोकांना भेटायला की काय, असा साधा हिशेब असतो. बाईंनी वर पाहिलं, तो पक्षी दिसला, ते खांदे दिसले, पाव्हला आठवली आणि तोंडातून निघून गेलं, "फिनलंड."

फिनलंडच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरी बिस्किटांच्या डब्यावर तिथल्या तळ्याचं चित्र होतं, एवढीच काय ती ओळख.

"ओ, फिनलंड!" तो माणूस म्हणाला आणि का कोण जाणे, त्याचा चेहरा एकदम उजळला. बाईंना तो उजळलेला चेहराच जास्त भयंकर वाटला.

झाल्त्सबुर्गला मात्र त्यांनी डाव टाकायचं ठरवलं. म्युनिकच्या गाडीत जाऊन बसल्या. तोही चढला. बाईंनी सावकाश मासिक उघडलं, चष्मा लावला, बूटसुद्धा काढून ठेवले. गाडी सुटायची शिट्टी झाली तशा बूट हातात घेऊन फलाटावर उडी मारली आणि समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत शिरल्या. ती कुठे जाते हे न बघता.

दार मिटता मिटता कुणीतरी आत आदळलं. सॅकचा पट्टा दारात अडकला होता आणि तो माणूस, घामानं निथळत, बाईंकडे बघून हसत होता.

शंकेला जागाच उरली नाही. असं फक्त पाठलाग करणारा करतो.

ती गाडी ल्युब्ल्यानाला निघाली होती. वाटेत बाईंनी सॅकचा पट्टा पायाला बांधून ठेवला, म्हणजे कुणी ओढली तर कळेल. मग तिकीट तपासनीस आला, बाई पटकन उभ्या राहिल्या आणि सपशेल आडव्या झाल्या. तपासनीस वाकायच्या आत त्या माणसानं त्यांना अलगद उचलून बसवलं. बाईंनी घाबरून त्याला "थँक यू" म्हटलं आणि तो वळल्यावर बोटातल्या अंगठ्या चाचपल्या. होत्या. म्हणजे त्याला अंगठ्या नको होत्या. मग काय हवं होतं? पेपरात किडन्या चोरणाऱ्यांबद्दल वाचलेलं त्यांना आठवलं.

ल्युब्ल्यानाला उतरल्याबरोबर त्या पहिल्या दिसलेल्या केशकर्तनालयात घुसल्या आणि पांढऱ्या केसांना काळाभोर रंग लावून घेतला. वर मोठा काळा चष्मा. बाहेर पडून नदीवरच्या पुलावर आल्या तोच समोर तो. त्यानं क्षणभर निरखून पाहिलं, अंगठा वर केला आणि इंग्रजीत म्हणाला, "व्हेरी नाइस."

'कशीही बदल, मी तुला ओळखणार,' असाच त्या अंगठ्याचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी त्या त्रिएस्तेला उतरल्या. मागे पाहिलं. तोही उतरला होता. एवढ्यात फोन वाजला.

"आई? कशी आहेस? आवाज असा का?"

"कसा?"

"थरथरतोय."

"गाडीत आहे रे. गाडी हलते."

"मागे तर फलाटावरची घोषणा ऐकू येतेय. आई, खरं सांग. येऊ का न्यायला? काकड्या पण यंदा अशा लागल्यात म्हणून सांगू!"

"लुबोश, मी मजेत आहे," असं म्हणून बाईंनी फोन बंद केला आणि समोर दिसलेल्या पोलिसांच्या खोलीत शिरल्या.

आत एक अधिकारी बाई चाकूनं पीच सोलत बसल्या होत्या. ब्लाझेनाबाईंनी मोडक्या इंग्रजीत आणि भरपूर हातवाऱ्यांनी सगळं सांगितलं. किडनीपर्यंत आल्या तेव्हा अधिकारी बाईंनी पीच बाजूला ठेवला, बाहेर गेल्या आणि त्या माणसाला दंडाला धरून आत घेऊन आल्या. तो केवढा मोठा, पण अधिकारी बाईंच्या मागे असा आला जसं शाळेत उशिरा आलेलं पोर.

"सिन्योर, या बाईंच्या मागे का लागलात?"

"मी नाही! मी काही नाही केलं!" तो मोडक्याच इंग्रजीत म्हणाला. "या बाई चांगल्या आहेत. फिनलंडच्या आहेत. यांनाच विचारा!"

"फिनलंडच्या?" अधिकारी बाईंनी हात पुढे केला. "पासपोर्ट. दोघांचेही."

दोन पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी आले. दोन्हींचा रंग तोच. दोन्हींवर सिंह तोच. अधिकारी बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि पुन्हा पीच हातात घेतला.

"तुमची भाषा एकच आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या खोलीत बसून इंग्रजीचे हाल करताय. आता आपसात बोला. माझं खाऊन होईपर्यंत."

त्या माणसानं टेबलावरच्या दोन्ही सिंहांकडे पुन्हा पाहिलं.

"म्हणजे तुम्ही आपल्याकडच्याच?" तो चेकमध्ये म्हणाला. आवाज लहान मुलासारखा बारीक होता. "मग फिनलंड का म्हणालात काकू?"

"तू माझ्या मागे का लागलास ते आधी सांग!"

"मला भीती वाटते हो." त्यानं खाली मान घातली. "मी बोहुश. यिह्लावाचा. पहिल्यांदाच एकटा निघालोय. मित्र येणार होता, त्यानं आयत्या वेळी लग्न ठरवलं. आई म्हणाली, जा, पण एखादी पोक्त, शहाणी बाई बघ आणि तिच्या मागे मागे राहा, म्हणजे चुकणार नाहीस. तुम्ही फिनलंडच्या म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, इतक्या लांबून एकट्या आल्यात, यांना सगळं ठाऊक असणार."

"आणि झाल्त्सबुर्गला? गाडीतून उडी का मारलीस?"

"तुम्ही मारलीत म्हणून! मला वाटलं, गाडीला आग लागली. एवढी शांत, पोक्त बाई उगाच का बूट हातात घेऊन पळेल?"

"आणि तो पक्षी?"

बोहुशनं मानेला हात लावला. डोळे भरून आले. "आईची पाळलेली कॅनरी. गेल्या वर्षी गेली."

"भुवई?"

"तिलाच वाचवायला गेलो होतो. मांजरापासून."

अधिकारी बाईंनी पीचची बी टाकली आणि पासपोर्ट परत केले. "सिन्योरा, तक्रार लिहून घ्यायची का?"

ब्लाझेनाबाईंनी नकारार्थी मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना भूक लागली होती.

बाहेर आल्यावर बोहुश सॅकचा पट्टा चोळत उभा राहिला. "काकू, आता पुढे कुठे?"

"व्हेनिस. पण हे बघ, मी एकटी निघालेय, आणि एकटीच फिरणार. तू दुसऱ्या डब्यात बसायचं. हॉस्टेल तेच चालेल, टेबल वेगळं. आणि चारचौघांत ओळख दाखवायची नाही."

"नाही दाखवणार, काकू."

"काकूसुद्धा म्हणायचं नाही."

"बरं काकू."

तेवढ्यात पुन्हा लुबोशचा फोन आला. "आई, तू फोन ठेवलास म्हणून मी गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय. खरं सांग, एकटीच आहेस ना? कुणी मागे-बिगे लागलं नाही ना?"

बाईंनी पाहिलं. बोहुश पाण्याच्या नळाजवळ पाठ फिरवून उभा होता, आणि ओळख नसल्याचा आव इतका जोरात आणत होता की दोन बायका थांबून त्याच्याकडेच बघत होत्या.

"कुणी नाही रे," बाई म्हणाल्या. "मस्त एकटी आहे. ते पेट्रोल काकड्यांच्या कामाला वापर."

फोन पिशवीत टाकला आणि हवेत एक ओळखीचा वास आला. चांदीचा कागद, तळलेलं मांस. टोप्या घातलेली एक टोळी जिना चढून फलाटावर आली होती, आणि पुढच्या मिशाळ गृहस्थानं रीझेकचा घास गिळून आधी बोहुशच्या सॅककडे, मग बाईंच्या बुटांकडे पाहिलं.

"काय हो, तुम्ही दोघं आपल्याकडचेच का?"

"फिनलंड!" दोघं एकाच श्वासात म्हणाले.

मिशाळ गृहस्थ पुढे निघून गेले. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मात्र बाकावर बसलेली एक उंच, गोरी म्हातारी ताडकन उठली होती. तिनं दोन्ही हात पसरले, चेहरा आनंदानं फुलला, आणि ती बाईंकडे येत एक लांबच लांब वाक्य बोलू लागली, ज्यात प्रत्येक अक्षर दोनदा येत असावं. वाक्याच्या शेवटी प्रश्न होता. ती उत्तराची वाट बघत थांबली.

बाईंनी मदतीसाठी बोहुशकडे पाहिलं. बोहुश नळाजवळ नव्हता. तो फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या गाडीकडे जिवाच्या आकांतानं पळत होता, सॅक पाठीवर थाडथाड आपटत होती.

एवढा धिप्पाड माणूस असा पळतोय, म्हणजे त्याला गाडी नक्की ठाऊक असणार, असा विचार करून ब्लाझेनाबाईही त्याच्या मागे धावत सुटल्या. दोघं एकाच दारातून आत पडले आणि दार मिटलं.

दारावरच्या पाटीवर व्हिएन्ना लिहिलं होतं. पण ती वाचायला थांबायची दोघांचीही हिंमत झाली नव्हती.