सावधानच्या आधी

देऊळघाटात लग्न कुणाचंही असो, पहिल्या अक्षता पडायच्या त्या आमच्या शेजारच्या नामदेवरावांच्या. भटजींनी 'शुभमंगल' म्हणायचा अवकाश, यांची मूठ उघडलीच! 'सावधान' यायच्या आत नवरदेवाच्या कानात पिवळी ज्वारी. एकदा तर त्यांचं पाहून अख्ख्या मांडवानं अक्षता टाकल्या, ताशे वाजले, अंतरपाट सुटला आणि नवरीनं माळही घातली. भटजी ओरडतायत, "अहो, अजून चार मंगलाष्टकं बाकी आहेत!"

वर हे मलाच सांगतात, "मास्तर, मले मालूमच होतं, आता सावधान येते!"

अहो, मालूम असणं म्हणजे ऐकणं नव्हे! पण सांगणार कुणाला? मी कुंपणापाशी जाऊन "नामदेवराव, जरा..." म्हटलं की, "शिडी ना? मले मालूमच होतं!" शिडी हजर. मला हवं असायचं फावडं. तोंड उघडेपर्यंत गडी परत वांग्यांच्या वाफ्यात. नवा महाराष्ट्र झाला त्या वर्षी मी घराच्या छपराची कवेलू तीनदा फेरली, ती या शिडीपायी.

मग त्यांच्याच सुमीचं लग्न ठरलं. आईविना पोर. सहा वर्षांची होती तेव्हापासून यांनीच वेण्या घालून वाढवलेली. चिखलीचे व्याही भारी मानी. घोळ झाला तर मांडवातून उठून जायचे. सुमी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "गुरुजी, बाबाचा हात धरून ठेवजा हो!"

झालं! सगळी कामं सोडून मी यांचं मनगट आवळून उभा. पहिलं सावधान झालं, मूठ बंद. दुसरं झालं, तिसरं झालं, तरी बंद. म्हटलं, पावला देव. शेवटचं सावधान झालं, ताशे वाजले, माळा पडल्या. मी मनगट सोडलं. मूठ बंदच!

"अहो, टाका ना आता! लागलं लग्न!" मी खेकसलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लागलं? मले ऐकूच नाही आलं, मास्तर."

शेवटी मीच त्यांची बोटं सोडवली. घामानं हळद तळव्याला चिकटली होती. मला भारी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी गेलो. "नामदेवराव, जरा..."

ते वाफ्यातून उठून आले आणि नुसते उभे राहिले. "बोला मास्तर. काय पाह्यजे?"

मला फावडंच हवं होतं. मी शिडी मागितली.