काम चालू, रस्ता बंद

एकतीस वर्षं मी रस्त्यांवर पांढरे पट्टे मारले. या गावात जो पट्टा सरळ दिसेल तो माझा, आणि जो वाकडा दिसेल तो आमच्या मुकादमाचा. तेव्हा रस्ता आणि रहदारी या विषयावर मला कोणी शहाणपण शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, गेल्या सोमवारी साडेबारापर्यंत होतं.

नात तिसरीत आहे. तिला शाळेत पायी नेणं-आणणं माझ्याकडे. शाळेच्या फाटकासमोरून गाड्या अशा सुटतात, जणू पुढच्या चौकात कोणी फुकट काही वाटतंय! आणि चालवणारे कोण? बहुतेक आईबापच. स्वतःचं पोर फाटकात उतरवलं की यांना बाकीची पोरं दिसेनाशी होतात. दोन महिन्यांपूर्वी एका स्कूटरच्या आरशात नातीच्या दप्तराचा बंद अडकला. बंद तुटला म्हणून पोरगी वाचली. स्कूटरवाला थांबला, वळला आणि मलाच म्हणाला, "आजोबा, पोरीला सांभाळत जा." त्यावर मी जे बोललो ते नातीच्या कानावर पडायला नको होतं.

घरी मुलाने फर्मान काढलं. तिथे रस्ता ओलांडायचे पट्टे आले नाहीत, तर पुढच्या सत्रापासून ती व्हॅनने जाणार. ती व्हॅन मी पाहिलेली आहे. सात जणांच्या जागेत सतरा पोरं. काडेपेटीत काड्यासुद्धा इतक्या दाटीने बसत नाहीत. चालकाचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यात फोन. त्यात माझी नात? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

अर्ज केला. स्वतःच्या हाताने, कारण साठी उलटल्यावर का होईना, लिहायला-वाचायला शिकलोय. कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, त्या रस्त्याच्या मधोमधून प्रभागाची हद्द जाते. शाळेकडची बाजू आमची, समोरची दुसऱ्या कार्यालयाची. मग अर्धे पट्टे तरी मारा, म्हटलं. अर्ध्या पट्ट्यांची तरतूद नाही म्हणाला. दुसऱ्या कार्यालयात गेलो, तर त्यांनी विचारलं, पलीकडचे झाले का आधी? असे सात खेटे घातले. शेवटी माझी कानशिलं तापली. पट्टे कसे मारतात ते या दोघांना मी सांगायचं, की त्यांनी मला?

रविवारी सकाळी माळ्यावरून जुना संसार काढला. रंगाचे दोन डबे, सुतळी, लाल बावटा, नारिंगी जाकीट, प्लास्टिकचे चार कोन आणि पायांवर उभा राहणारा लाकडी फलक. सूनबाईने विचारलं, "बाबा, परवानगी काढलीत का?" मी म्हटलं, जाकीट घातलेल्या माणसाला परवानगी विचारणारा अजून जन्मायचाय. आणि खरंच कोणी विचारली नाही. एका पोलिसाने तर आड येणाऱ्या मोटारसायकली स्वतः सरकवून दिल्या. दुपारपर्यंत आठ पट्टे तयार. फुटपट्टीने मान खाली घालावी असे सरळ!

एकच गोची झाली. रंग जुना, वाळायचं नाव घेईना. सोमवारी सकाळीही बोटाला चिकटत होता. ओल्या रंगाभोवती कोन आणि फलक ठेवायचेच, हा आमच्या धंद्याचा नियम. म्हणून ते तसेच राहू दिले. नातीला बाजूने आत सोडलं आणि वाऱ्याने कललेला फलक फाटकाकडे तोंड करून नीट उभा केला.

साडेबाराला जाकीट चढवून, बावटा घेऊनच हजर झालो. पट्टे कोणी मारले असं लोक विचारणार, तर माणूस ओळखू यायला हवा. घंटा झाली. फाटक बंदच. पाच मिनिटं गेली, दहा गेली, एक पोर बाहेर येईना. आत रखवालदार स्टुलावर निवांत बसला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, पोरं मागच्या फाटकाने सोडली.

मागचं फाटक थेट हमरस्त्यावर उघडतं. तिथून ट्रक जातात.

"कोणी सांगितलं मागून सोडायला?"

"तुमच्याच लोकांनी की," तो म्हणाला. "एवढा फलक लावलाय. काका, वाचता येतं ना?"

मी वळून पाहिलं. काम चालू, रस्ता बंद. एकतीस वर्षं हा फलक मी खांद्यावरून वाहिला. अक्षरं साच्यातून मीच रंगवलेली. पण तेव्हा वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझ्या लेखी ती कोनांबरोबर ठेवायची एक फळी. आता वाचता येतं, तर पेपर वाचतो, औषधाची बाटली वाचतो. फळी तेवढी वाचायची राहिली.

पळालो. तेही स्वतःच्याच ओल्या पट्ट्यांवरून. शाळेला वळसा घालून पोचलो, तर साठ-सत्तर पोरं हमरस्त्याच्या कडेला दाटीने उभी, समोरून ट्रक, आणि ती व्हॅन पोरांच्या अंगावर नाक घालून भोंगा वाजवतेय. मी बावटा उगारून सरळ रस्त्याच्या मध्यात घुसलो. एक ट्रक माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मग सगळेच थांबले. व्हॅनवाला तेवढा पुढे सरकत होता.

"वाजव भोंगा," मी त्याला म्हणालो. "तुझी बॅटरी संपेल, मी हलायचा नाही. ही पोरं आहेत, खड्डे नाहीत चुकवत जायला."

पोरं ओलांडून गेली. एकटी माझी नात कडेलाच उभी. मी हाक मारली, तर मान हलवून नाही म्हणाली.

"अगं, सगळे थांबलेत. ये."

"आत्ता थांबलेत. तुम्ही आलात तेव्हा नव्हते थांबले," ती म्हणाली. "न बघता धावत आलात. इकडे या आधी. हात द्या."

काय करतो? परत कडेला गेलो, हात दिला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. दोन्ही बाजूंना मिळून चाळीसेक गाड्या आमची वाट पाहत होत्या. व्हॅनवाल्याने भोंगा बंद केला. तेच जास्त झोंबलं.

मंगळवारी पट्टे पुसले गेले. दोन महिन्यांत ज्यांना मारायला सवड झाली नाही, त्या दोन्ही कार्यालयांची माणसं पुसायला एकाच गाडीतून आली. हद्दीचा प्रश्न कोणी काढला नाही. अर्ज अजून विचाराधीन आहे. ते विचार करेपर्यंत मी रोज बावटा घेऊन फाटकासमोर उभा असतो, आणि तोंडही बंद ठेवत नाही.

व्हॅन मात्र रद्द झाली. मुलाने तसं सांगितलं तेव्हा माझी छाती फुगली. तो म्हणाला, बाबा, तुमच्यामुळे नाही. हिचं म्हणणं, मी व्हॅनने गेले तर आजोबांना रस्ता कोण ओलांडून देणार?

पुसणाऱ्यांकडून एक गोष्ट राहून गेली. माझ्या चपलांचे पांढरे ठसे अजून रस्त्यावर आहेत, तिरके, भरधाव. नात रोज वर्गातल्या पोरांना ते दाखवते आणि सांगते, असं ओलांडायचं नसतं.