आकारामचं घोंगडं

नाईक आकाराम महिन्याची रजा घेऊन गावी आला, तेव्हा त्याचा बेत पक्का होता. पहिल्या आठवड्यात मुलगी बघायची, दुसऱ्यात होकार घ्यायचा, तिसऱ्यात हळद लावून घ्यायची आणि चौथ्यात बायकोला उसाचा मळा दाखवून परत फौजेच्या डेपोत हजर व्हायचं. फौजेत काम असंच चालतं, हे तो एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला पलूस येईपर्यंत सांगत होता. शेजारचा माणूस अर्ध्या वाटेतच झोपला, ते सोडा.

पहिला आठवडा हुकमाप्रमाणे पार पडला. तासगावची मनूबाई त्याला एका नजरेत आवडली. आईबापावेगळी पोर, मामानं वाढवलेली, पण बोलायला धीट. खाली मान घालून बसण्याऐवजी तिनं सरळ विचारलं, "चीनच्या लढाईत तुमी हुता का?"

"हुतो की," आकाराम खाकरून म्हणाला.

खरं म्हणजे ती लढाई झाली तेव्हा आकाराम पुण्याच्या डेपोत कांबळी वाटत होता. पण कांबळी गेली ती हिमालयातच. तेव्हा हे अगदीच खोटं नव्हे, अशी त्यानं परतीच्या वाटेवर मनाची समजूत घातली.

माशी शिंकली ती दुसऱ्या आठवड्यात. मनूबाईची मामी घर बघायला म्हणून गावात आली आणि नेमकी नदीच्या वाटेनं आली. आकाराम कृष्णेत उभा राहून अंघोळ करत होता. मामी पदर सावरून पुढं निघाली. घर बघितलं, गूळपाणी घेतलं, गेली. मात्र तासगावात पोचल्यावर तिनं चारचौघींत जे सांगितलं, ते आकारामचा चुलता कोंडीबा याच्या कानावर भर बाजारात पडलं. कोंडीबानं ते जसंच्या तसं घरी आणलं.

"मामी म्हणत्या, पोरगा बरा हाय. पर अंगावर घोंगडं घिऊनच न्हातोय."

आकारामचा चेहरा पडला. त्याच्या अंगावर केस होते ही गोष्ट खरी. मानेपासून जे सुरू व्हायचे ते घोट्यापर्यंत कुठं खंड नव्हता. तालमीत होता तेव्हा वस्ताद म्हणायचे, ह्याला लावलेलं तेल कातडीपर्यंत पोचतच नाही. पण आजवर त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. आता मात्र हळदीचा पाट डोळ्यांपुढं आला. दोन्हीकडच्या बायका जमलेल्या, आपण उघडे बसलेले आणि मनूबाई दाराआडून बघतेय. त्याला मनापासून भीती वाटली. मनूबाई हातची गेली तर पुन्हा रजा वर्षानं, आणि पुन्हा अशी मुलगी कधीच नाही, हे त्याला पक्कं कळत होतं.

शेवटचा शब्द द्यायला मनूबाईचा मामा नाथाजी शुक्रवारी येणार होता. हातात पाच दिवस होते.

"काडून टाकू," कोंडीबा म्हणाला. तो फौजेतून सुभेदार होऊन परतला होता आणि जगातल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडं एकच उपाय असे. "वस्तरा. न्हाव्याला नगं बोलवायला, गावभर हुईल. मी हाय."

गोठ्यात बसून कोंडीबानं आधी एका नडगीवर हात चालवून दाखवला. काम झकास झालं. एक पाय कांबळ्याचा, एक पाय कणसासारखा सोललेला. पण दुसऱ्या दिवशी त्या पायावर खुंट आले. मांडी घालून जेवायला बसलं की एक पाय दुसऱ्याला टोचायचा. आकाराम ताटावरून तीनदा उठला.

"रोज करायचं असतंय त्ये," कोंडीबा म्हणाला. "दाडीगत."

"सगळं अंग? मग मी डूटी कवा करू, तात्या?"

वस्तरा बाद झाला. मग आकारामची आई पारूबाई हिनं इस्लामपूरहून हरताळ आणवला. हरताळ आणि चुना कालवून लावला की केस आपोआप गळतात, असं तिला तिच्या मावशीनं सांगितलं होतं. मावशीनं किती वेळ ठेवायचा हे मात्र सांगितलं नव्हतं. डाव्या दंडावर लेप दिला. आधी असा वास सुटला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून उसात गेली. मग दंड पेटला. आकाराम विहिरीकडं पळाला. केस गळाले, पण त्याबरोबर कातडंही लाल झालं, आणि म्हैस शोधण्यात अख्खा दिवस गेला.

मंगळवारी संध्याकाळी पारूबाई हळूच म्हणाली, "बनाबाईकडं जातोस?"

बनाबाई म्हणजे गावातली बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना न्हाऊ घालणारी म्हातारी. सत्तरीची, काटक, उजव्या हाताची करंगळी विळ्यानं कापून वाकडी झालेली. दोन पाय लांब सोडून बसायची, त्यावर पोर पालथं टाकायची आणि साय-हळद घातलेल्या कणकेचा गोळा पाठीवरून असा फिरवायची की महिन्याभरात पोराच्या अंगावरची लव साफ. गावातली तीन पिढ्यांची माणसं तिच्या पायांवरून गेली होती.

बुधवारी सकाळी आकाराम खाली मान घालून तिच्यापुढं उभा राहिला. बनाबाईनं त्याला सदरा काढायला लावला आणि भोवती एक फेरी मारली.

"तुझ्या येळंला मी इस्लामपुरात भावाकडं हुते," ती म्हणाली. "सव्वा म्हयना. माज्या हातातनं सुटलेलं गावातलं एकच पोरगं, त्ये तू. तुला रस्त्यानं जाताना बघितलं की माज्या काळजात चर्र हुतंय."

"आता काय जमंल का, आज्जी?"

"न जमाय काय झालं? तान्ह्याची लव ही कोवळी कोथमीर. तुजी निबार झालीया. कणकंत काकवी घालावी लागंल."

गुऱ्हाळ चालूच होतं. तांब्याभर काकवी आली. बनाबाईनं परातभर कणीक मळली, न्हाणीपाशी शेगडी पेटवली, पाटावर बसून पाय लांब सोडले आणि मांडीवर थाप मारली.

"पड पालथा."

"आज्जी, मी खाली आडवा हुतो की. माजं वजन..."

"भुईवर न्हाऊ घालायला तू काय बैल हायस? पड म्हणती न्हवं."

फौजेत सहा वर्षं काढलेल्या माणसाला हुकूम मोडता येत नाही. आकाराम पडला. छाती बनाबाईच्या पायांवर, डोकं शेगडीकडं आणि पाय दाराबाहेर अंगणात. न्हाणी तान्ह्या पोरांच्या मापाची होती, त्याला कोण काय करणार?

सुरुवातीला गोळा छान फिरला. काकवी ऊबदार होती. आकारामला पेंगही आली. मग शेगडीच्या धगीनं काकवी आटायला लागली. गोळा जड झाला, मग अडखळला, मग थांबला. बनाबाईनं दोन्ही तळवे पाठीवर दाबून जोर लावला. गोळा हलला नाही. तिनं हात उचलायला बघितले. तेही हलले नाहीत.

"आक्या, माजं हात धरून ठिवू नगं."

"मी कुटं धरल्यात? मी पालथा हाय!"

"मग दम धर," असं म्हणून बनाबाईनं दोन्ही हात एका हिसड्यात उपटले.

आकाराम जे ओरडला ते नदीपलीकडं ऐकू गेलं म्हणतात. पाठीवर, बरोब्बर खांद्यांच्या खाली, दोन तळव्यांच्या आकाराच्या जागा लख्ख झाल्या. पाचही बोटांसकट. बाकीची कणीक होती तिथंच बसली आणि सुकायला लागली. तिच्या वासानं अंगणातल्या कोंबड्या आत शिरल्या आणि पाठीवर टोचे मारायला लागल्या. बाहेर एक वासरू येऊन आकारामचे तळपाय चाटू लागलं. आकाराम रडत होता की हसत होता, हे त्याचं त्यालाही कळेना.

"ऱ्हाऊ दे, आज्जी. मी जातो."

"आर्धं न्हाण टाकून माज्या पायावरनं आजतागायत कोण उठलं न्हाई," बनाबाई म्हणाली.

तिनं कढत पाणी ओतून ओतून कणीक सोडवली. काकवीच ती, पाण्यानं सुटायचीच. केस मात्र जागच्या जागी राहिले. पण न्हाण म्हणजे न्हाण. टाळूवर वेखंड चोळलं. ओव्याची धुरी दिली. दोन जुनी लुगडी घेऊन त्याला मानेपासून गुडघ्यांपर्यंत हातांसकट घट्ट बांधलं. गालाला काजळाची तीट लावली. आणि सवयीप्रमाणं पाय हलवत थोपटायला लागली.

अशा वेळी दारात मामा नाथाजी उभा राहिला.

तो शुक्रवारी येणार होता. पण तासगावहून एक मालट्रक पलूसकडं निघाला होता, फुकट येणं होत होतं, म्हणून तो बुधवारीच आला. पारूबाई घरी नव्हती. शेजाऱ्यांनी सांगितलं की आकाराम बनाबाईकडं आहे. नाथाजीनं आधी वासराला हाकललं, मग त्या दोन तळपायांवरून नजर वर वर नेत तिटेपर्यंत आणली. धुरीचा धूर होता, त्यामुळं त्यानं पुन्हा एकदा बघून घेतलं.

"पाव्हणं, बसा," बनाबाई म्हणाली. "बांधलंय आत्ताच. निजाया आलंय."

आकारामनं डोळे मिटले. तिसरा आठवडा गेला, चौथा गेला, मनूबाई गेली. असं बांधलेलं असताना रडू आलं तर पुसायचं कसं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात राहिला.

नाथाजी उंबऱ्यावर टेकला. मग त्यानं हात पुढं करून लुगड्याची गाठ चाचपून बघितली.

"गाठ घट्ट हाय. श्वास कोंडत न्हाई का?"

"दोन बोटं जागा सोडलीया. बघा."

नाथाजीनं दोन बोटं घालून बघितली. "आन् धुरी?"

"ओवा आन् बाळंतशेप. धा दिस. मग नुसता ओवा."

"बाळंतिणीला किती दिस न्हाऊ घालता?"

"चाळीस. एक दिस खाडा न्हाई. माज्या हातातली एक बाई कंबर धरून बसलेली दाखवा, मी हे काम सोडती."

त्यावर नाथाजीचा आवाज एकदम बदलला. "आमच्या थोरल्या भाचीला तिच्या सासरी न्हाऊ घालाय कोण नव्हतं, आज्जी. धा दिसाचं लेकरू घिऊन माज्या दारात आली. अजून वाकून चालती. तवाच मी ठरवलं, मनूला द्यायची तर घर बघून न्हाई, जमीन बघून न्हाई. हे बघून द्यायची." आणि मग त्यानं पहिल्यांदा आकारामकडं बघितलं. "हेवढ्या घोड्यालासुदिक जी म्हातारी सोडत न्हाई, ती माज्या पोरीला अंतर देईल व्हय? तिथी काढा."

आकारामला उठून त्याचे पाय धरायचे होते. पण हात आत होते. तो नुसता हलला. बनाबाईनं त्याला थोपटलं.

तिसऱ्या आठवड्यात हळद लागली. आकाराम डावा दंड उपरण्यात झाकून, पाठ भिंतीला लावून बसला, त्यामुळं पुढून त्याचं घोंगडं शाबूत दिसलं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. लग्न थाटात झालं.

चौथ्या आठवड्यात मनूबाई नवऱ्याच्या पाठीला तेल लावायला बसली आणि दचकली. "आवं, हे काय झालंय?"

आकारामला खरं सांगायचं होतं. त्यानं तोंडही उघडलं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "चीनच्या लढाईत लागलंय."

"गोळी?"

"व्हय."

मनूबाईनं पुन्हा निरखून बघितलं. "गोळीला बोटं अस्त्यात?"

"बाँब हुता," आकाराम म्हणाला आणि सदरा घालायला लागला.

दुसऱ्या दिवशी मनूबाईनं ते पाणवठ्यावर सांगितलं. अभिमानाची गोष्ट होती, का सांगू नये? संध्याकाळी चार बायका जखम बघायला घरात आल्या. मनूबाईनं नवऱ्याचा सदरा वर केला. आकाराम दिव्याकडं बघत बसला. बायका हळहळल्या. तेवढ्यात जखमेसाठी तेलाची वाटी घेऊन बनाबाईही आली.

तिनं वाटी खाली ठेवली. पाठीपुढं वाकली. आपला डावा तळवा डाव्या जखमेवर ठेवला, उजवा उजव्या जखमेवर. अगदी बरोबर बसले. वाकडी करंगळीसुद्धा वाकड्या करंगळीवर बसली.

"बाँब न्हवं गं," ती म्हणाली. "मीच हाय त्यो."

मग सगळंच बाहेर पडलं. डेपो, कांबळी, मामी, वस्तरा, हरताळ, काकवी. बायका पदर तोंडात धरून पळाल्या. आकाराम मान खाली घालून बसला. मनूबाई इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, "आवं, आमच्याकडं द्राक्षाच्या बागंत थंडी किती अस्ती ठावं हाय का? मामी घोंगडं म्हणली तवाच मी मामाला सांगितलं, माजं व्हय म्हणून सांगून या." आणि बनाबाईकडं वळून तिनं काळजीनं विचारलं, "आज्जी, परत उगवंल न्हवं?"

रजा संपली. आकाराम डेपोत गेला. दोन महिन्यांनी मनूबाईचं कार्ड आलं. इकडील सर्व क्षेम, म्हैस गाभण आहे, बनाबाईनं आशीर्वाद सांगितला आहे, आणि खाली ठळक अक्षरांत: जखम भरली का ते कळवणे, भरल्याशिवाय रजेवर येऊ नये.

आकारामनं बराकीत दोन आरसे समोरासमोर धरून पाठ नीट पाहिली आणि उलट टपाली कळवलं: "डावा हात पूर्ण भरला. उजव्याची करंगळी तेवढी बाकी आहे."